खड्ड्याले पाणी लागलं

माझ्या लग्नात माझी एकच अट होती. सोनं नको, बँड नको, नवरदेवाले घोडा नसला तरी चालन. पण घरात संडास पाह्यजे. मी दिग्रसची पोरगी. आमचं घर बजाराच्या मागं, दोनच खोल्यांचं, पण संडास होता, त्याले कडी होती, आन् एकदा कडी लावली का आतल्या माणसाले कोणी काही विचारत नव्हतं. बाबानं ही अट पोराकडच्यायले सांगितली तवा माझी मावशी कपाळावर हात मारून म्हणे, "पोरगी देऊन राह्यले का घर इकत घेऊन राह्यले?" बाबा म्हणाले, "दोन्ही पाहून घेतलेलं बरं."

तवा सगळीकडं संडासाचंच चालू होतं. शाळेच्या भिंतीवर संडास, एसटीच्या पाठीवर संडास, टीव्ही लावला का संडास. लग्नपत्रिकेवर तेवढा छापायचा राह्यला होता. बाबा स्वतः पोराचं घर पाहून आले. खोली उभी होती, पांढऱ्या टाइल्स, निळा दरवाजा, भांडं बसवलेलं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यायनं त्यायले मागं नेऊन खड्डा दाखवला. खोदणं चालूच होतं. बाबानं वाकून पाह्यलं तं आतला माणूस दिसेना, नुसता सब्बलीचा आवाज येई. घरी येऊन आईले म्हणाले, "अवं, खड्डा पाह्यला का थो? पोरीचे नातू-पणतू बसतीन, तरी भरनार नाही." आई खूश, मी खूश. झालं, सुपारी फुटली.

आता हा खड्डा एवढा खोल काहून, हे सांगायचं म्हटलं तं राग आल्याशिवाय राहत नाही. ग्रामसेवकानं साऱ्या गावाले बसवून सांगितलं होतं: चार-चार फुटाचे दोन खड्डे करा. एक भरला का दुसरा चालू करा. भरलेला वर्षभर झाकून ठेवा, त्याची माती होते, खत होते, वास ना काही. माझ्या सासऱ्यायनं, म्हणजे मामाजीनं (आमच्याकडं सून सासऱ्याले मामाजी म्हणते आन् सासूले आत्याबाई), सारं ऐकून घेतलं, मान हलवली आन् घरी येऊन सब्बल उचलली. चार फूट म्हणजे काय, चार फूट तं भरून जाईन. आन् भरला तं उपसन कोण?

हा प्रश्न साऱ्या गावाच्या पोटात होता. तोंडानं कोणी बोलत नव्हतं. ज्या लोकायकडून गावानं हे काम पिढ्यान् पिढ्या करून घेतलं, त्यायनं ते कवाच सोडून देलं, आन् लय बेस केलं. आता राह्यला ज्याचा त्याचा हात. तो हात कोणाले लावायचा नव्हता. मंग तोड काय, तं खड्डाच असा खोदायचा का जन्मात भरू नये. कोणी एक पुरुस खोल गेला, कोणी दोन. मामाजी हट्टाचे, ते तीन पुरुसाच्या खाली गेले. पुरुस म्हणजे हात वर करून उभा राह्यलेला माणूस. असे तीन माणसं एकावर एक उभे राह्यतीन एवढा खड्डा, कशासाठी, तं आपली घाण आपल्याले परत कधी दिसू नये म्हणून!

लग्न उन्हाळ्यात झालं. सांजच्याले आमची गाडी सासरच्या दारासमोर थांबली. नवरी आली का गाव पाह्याले येते, हे मले माहीत होतं, म्हणून मी पदर सावरला, मान खाली घातली. दारात कोणीच नाही. मागच्या अंगणात मात्र ही गर्दी! नारळ फुटल्याचा आवाज आला, बाया हसून राह्यल्या, लेकरं ओरडून राह्यले. मी मनात म्हटलं, बाप्पा, काय थाट हाय माझा! मंग पाह्यलं तं साऱ्या बाया माझ्याकडं पाठ करून खाली वाकल्या होत्या. "लागलं वं माय, लागलं! आन् गोड हाय!" मी मापासमोर ताटकळत उभी, तांदूळ मापात, आन् माप ओलांडायले सांगनारी सासू मागं खड्ड्याले हळद-कुंकू वाहून राह्यली.

खड्ड्याले पाणी लागलं होतं.

मामाजीनं त्याच्याआधी वावरात दोन विहिरी खोदल्या होत्या. पानाड्या आणला, त्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली, आन् दोन्हीकडं नुसता दगड निघाला. संडासासाठी खोदलं तं झरा. मामाजी त्या दिवशी इतके खूश होते का लग्न त्यायचंच हाय असं वाटे. आत्याबाई धावत आल्या, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आन् साऱ्यायसमोर म्हणाल्या, "सुनेचा पायगुण! पाय ठेवला नाही तं पाणी लागलं." साऱ्या बायायनं माझ्याकडं कवतिकानं पाह्यलं. माझ्या पायगुणानं माझाच संडास गेला, हे मले दुसऱ्या दिवशी पहाटे समजलं.

आत्याबाईनं हातात टमरेल देलं. "चाल, बाया थांबल्या हायेत."

"आन् संडास?"

"अवं, पाणी हाय ना त्यात आता. पिऊन राह्यले लोकं."

मी नवऱ्याले म्हटलं, तुमी माझ्या बाबाले शब्द देला होता. माझा नवरा दिग्रसच्या जिनिंगवर कामाले, माणूस गरीब स्वभावाचा, घरात आवाज चढवत नाही, हे त्याचं चांगलं आन् हेच त्याचं वाईट. तो म्हणे, "पाहू ना. एवढी काय घाई हाय?" घाई! या गोष्टीची घाई नसते तं कशाची असते रे बाबा?

तेव्हापासून नाल्याच्या रस्त्याले जाणं सुरू झालं. पहाटे उजाडायच्या आत, नाहीतं मंग एकदम दिवस बुडाल्यावर. मधात पोटात काहीही होवो, मुकाट्यानं दात दाबून राह्यचं. रस्त्याच्या कडेले आम्ही साऱ्या ओळीनं बसायचो आन् मोटरसायकलचा उजेड आला का साऱ्या एकदम उठून उभ्या. गाडी गेली का खाली. पुन्हा उजेड, पुन्हा उभ्या. कोण्या मंत्र्यासाठी आम्ही कवा एवढ्या मानानं उभ्या राह्यलो नाही. बाया हसायच्या, मले चिडवायच्या, "शहराची बाई हाय, हिले कडी लागते." मीही हसायची आन् घरी येऊन रडायची. पावसाळ्यात काळी माती चपलीले अशी धरे का एकेक पाय दोन किलोचा होई. सोयाबीन उभं झालं का आडोसा मिळे, पण आडोशात साप. साप परवडला पण बॅटरी दाखवत जाणारा माणूस नको, असं म्हाताऱ्या बाया म्हणत.

मी पाणी पिणंच कमी केलं. दुपारपासून घोटभरही नाही. असं करनारी मी एकटी नव्हती, साऱ्याच करत होत्या. मंग जळजळ, ताप, कंबर धरलेली. दिग्रसच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं आन् ओरडल्या, "पाणी भरपूर पीत जा म्हटलं ना! घरी पाण्याची टंचाई हाय का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम, घरी विहीर हाय. संडासात."

त्यायनं माझा ताप पुन्हा मोजला.

आन् इकडं त्या खड्ड्याचं कौतुक वाढतच चाललं होतं. मामाजीनं काठ बांधला, वर चाक लावलं, दोर आला. अर्धी आळी आमच्याकडं पाण्याले येऊ लागली. उन्हाळ्यात हातपंप खाकरून राह्यला असताना आमच्या खड्ड्यात पाणी. आत्याबाईचा मान वाढला, त्या खाटेवर बसून कोण किती बादल्या नेते ते पाहत. बाजूच्या त्या निळ्या दरवाजाच्या खोलीत आम्ही कांदे ठेवत होतो. टाइल्समुळं थंड राहतात म्हणे.

पुढच्या साली पावसाळा लागला आन् गावाच्या वेशीवर पाटी लागली, गाव हागणदारीमुक्त झालं म्हणून. त्या पाटीच्या मागंच बाया बसत, आडोसा चांगला होता. मंग एका पहाटे शिट्ट्या वाजल्या. ते पथक आलं होतं, बाहेर बसनाऱ्याले धरून हार घालनारं. बाया पळाल्या, टमरेलं सांडली, एक म्हातारी नाल्यात घसरली. मी काही पळाली नाही. मले पळायचा कंटाळा आला होता. एक साहेब झेंडूचा हार घेऊन पुढं आले, कोणाच्या घरची ते विचारलं, मोबाइलमध्ये पाहून म्हणाले, "तुमच्या घरी तं संडास हाय. हा फोटो पाहा." फोटोत मामाजी आन् आत्याबाई निळ्या दरवाजासमोर, लग्नाले आल्यासारखे सरळ उभे. "घरी संडास असून बाहेर येता? शिकलेल्या दिसता. लाज नाही वाटत?"

मी त्यायचा हार हातानं बाजूले सारला. म्हटलं, "चला साहेब, दाखवते."

सारं पथक माझ्यामागं घरी आलं. मी खड्डा दाखवला, पाइप दाखवला, कांदे दाखवले. साहेबायनं वाकून पाह्यलं. तेवढ्यात आत्याबाईनं पितळी लोट्यात पाणी आणून देलं. साहेब प्याले. पुन्हा मागितलं. "लय गोड पाणी हाय हो तुमच्या घरचं." बाकीचेही प्याले. मामाजीनं पानाड्याची गोष्ट सांगितली, सारे हसले.

मी म्हटलं, "आन् माझं काय?"

साहेब तोंड पुसत म्हणाले, "ताई, हा संडास आमच्याकडं पूर्ण झालेला दिसते. एका घराले अनुदान एकदाच मिळते. आता ते काढता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कागदावर तुमी तो वापरून राह्यल्या."

मले जो हार घालणार होते तो त्यायच्या हातातच राह्यला होता. कुठं ठेवावा ते समजेना, म्हणून त्यायनं तो विहिरीच्या चाकाले घातला आन् निंघून गेले. चार दिवस तो तिथं गरगर फिरत होता. मले त्या हाराचा एवढा संताप आला का मी तो तोडून बैलायच्या पुढं टाकला.

नवा संडास बांधायचा तं जागेचा प्रश्न. विहिरीजवळ खड्डा केला तं पाणी नासन. एका बाजूनं गोठा. राहते एकच जागा, घरासमोर, ओट्याच्या शेजारी, रस्त्यावर. मी हे बोलली आन् घरात जसा साप निंघाला. आत्याबाई म्हणे, "दारात संडास? तुळशीसमोर? कोण्या घरची रीत हाय ही?" मामाजी म्हणाले, "येणारा-जाणारा पाह्यन, लोकं काय म्हणतीन?" म्हटलं, "मामाजी, रोज मोटरसायकलच्या उजेडात तुमच्या सुनेले उभं राह्याले लागते, त्याले लोकं काय म्हणतात?" ते उठून वावरात गेले. आमच्या घरात भांडण असंच संपे, माणसं वावरात जात आन् बाया भांडे घासत.

मंग मी पोटुशी राह्यली. सातवा महिना लागला तवा पाऊस जोरात होता. एका पहाटे नाल्याच्या उतारावर माझा पाय सटकला आन् मी बसल्या जागी घसरत खाली गेली. काही झालं नाही. पोरगी आता शाळेत जाते आन् माझ्यावरच ओरडते. पण तवा चिखलात पोटावर दोन्ही हात ठेवून, आत लेकरू हलते का ते पाहत मी बसली होती, ते अजून विसरत नाही. बायायनं उचललं, घरी आणलं. आत्याबाई रडल्या, गरम पाणी देलं, अंग पुसलं, आन् म्हणाल्या, "उद्यापासून मी तुह्या हाताले धरून नेईन."

हाताले धरून! तिथंच नेणार, पण हाताले धरून!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठली. विहिरीवर बाया पाणी भरत होत्या, मामाजी दात घासत होते. मी सगळ्यायसमोर एक बादली भरून घेतली, निळा दरवाजा उघडला, पायानं कांदे बाजूले केले आन् आतून कडी लावली. पाइप अजून तसाच सरळ खड्ड्यात जात होता. कोणी बंद करायचं मनावर घेतलं नव्हतं, त्यात बसनार कोण होतं?

पहिले चाक थांबलं. मंग एक बाई ओरडली, "अवो, आत गेली वं थे! पाणी नासन!" मंग साऱ्याच. दरवाजावर थापा पडल्या. आत्याबाई म्हणे, "माय, असं करू नको, साऱ्या आळीचं पाणी हाय!" माझा नवरा म्हणे, "अवं, ऐक तं." मी म्हटलं, "ऐकलं लय. समोर खड्डा खोदायले घ्या. मले सब्बलीचा आवाज येऊ द्या. नाहीतं हा संडास हाय आन् मले जोराची लागली हाय." ते खोटं नव्हतं. सातव्या महिन्यात बाईले केव्हाही लागलेलीच असते.

मामाजी दरवाजाजवळ आले. ते माझ्याशी सरळ कधी बोलत नव्हते, मधात कोणीतरी लागे. तवा पहिल्यांदा सरळ बोलले. "अवं बाई, समोर जागा लहान हाय. चार फुटाच्या वर जाता येत नाही. चार फुटाचा भरन. भरला तं? आपल्या घरात कोण उपसन?"

एवढ्या वर्षात तो प्रश्न कोणी मोठ्यानं विचारला नव्हता.

मी आतून म्हटलं, "मी उपसीन."

मले वाटलं, आता हे म्हणतीन, नाही माय, आपण सारेच पाहू. कोणीच म्हटलं नाही. थोड्या वेळानं मामाजी गोठ्याकडं गेले आन् समोरून सब्बलीचा आवाज आला. मी भरलेली बादली तशीच उचलली आन् कडी काढली. बाया बाजूले सरकल्या. मी जितली होती, पण कोणी माझ्याकडं पाहत नव्हतं.

पोळ्याच्या आत संडास झाला, चार-चार फुटाचे दोन खड्डे करून. अगदी रस्त्यावर. त्या पहिल्या सकाळी मी आत जाऊन कडी लावली आन् काम झाल्यावरही किती वेळ तशीच बसून राह्यली. बाहेरून एसटी गेली, मी उभी राह्यली नाही. एवढं सुख मले लग्नातही झालं नव्हतं. महिन्याभरात मामाजीही जाऊ लागले. आत्याबाईचे गुडघे गेल्यावर तं त्या म्हणत, "सून हट्टी हाय म्हणून आज मी सुखानं बसतो." चारचौघीत माझं कवतिक करत.

वर्षं गेली. पहिला खड्डा भरला, दुसरा चालू केला. पहिला झाकून ठेवला. मंग दुसराही भरत आला तवा घरात सारे एकमेकाकडं पाहीनासे झाले. नवरा म्हणे, पुसदहून माणूस पाहू. मी म्हटलं, दुसऱ्याचा माणूस कायले? मी म्हटलं होतं ना, मी उपसीन. त्या दिवशी त्याले जिनिंगवरून सुटी भेटली नाही. खरंच भेटली नाही का, हे मी विचारलं नाही.

पहिल्या खड्ड्याचं झाकण काढलं. ग्रामसेवक म्हणाला होता तसंच होतं सारं: काळी, भुसभुशीत, कोरडी माती. वास गोठ्याले जास्त येतो. मी फावड्यानं घमेल्यात भरली आन् दुपारपर्यंत मागच्या पपईच्या झाडायले टाकली. समोरचा रस्ता असल्यानं सारं गाव पाहत होतं. कोणी हसलं नाही, कोणी हात लावायलेही आलं नाही. मी आंघोळ केली, डोक्यावरून केली, धुतलेलं लुगडं नेसली, आन् स्वयंपाकघरात गेली तं आत्याबाई चुलीसमोर बसलेल्या. "आज मी करतो. तू आराम कर." दुसऱ्या दिवशीही त्याच. गुडघे धरून उठत होत्या, पण मले पिठाले हात लावू देत नव्हत्या. "थकली असशीन," म्हणत. मी काही थकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामाजी वावरातून आले, ओट्यावर टेकले. कपाशीले डवरणी करून तोंड सुकलं होतं. मी नेहमीसारखा पाण्याचा गिलास घेऊन गेली आन् समोर धरला.

"ठेव तिथं," ते म्हणाले.

मी ठेवला नाही. मी गिलास अजून पुढं केला. मी म्हटलं, "मामाजी, तो संडास तुमी रोज वापरता. ती माती तुमच्याच घरची होती. मी आंघोळ केली, साबण लावला. आन् माझ्या हातचं पाणी चालत नाही तुमाले?"

ते खाली पाहत राह्यले. मंग हळूच उठले, माझ्या बाजूनं, मले धक्का लागणार नाही असे, मागच्या अंगणात गेले. चाकाचा आवाज आला. मी दारात जाऊन उभी राह्यली. मामाजीनं स्वतः बादली ओढली, काठावर ठेवली, आन् संडासाच्या खड्ड्यातलं पाणी ओंजळीनं पोटभर प्याले.